मेपल सोडून काहीही

गिटारची दांडी कोणत्या लाकडाची असावी, असा प्रश्न सांगलीच्या गावभागात पडायचं काही कारण नव्हतं. इथे लाकडाबद्दल दोनच चौकश्या होतात. चौकटीला वाळवी लागलीय का, आणि जुना पलंग भंगारवाला कितीला घेईल. पण आमच्या शेजारचे तात्या वीज मंडळातून निवृत्त झाले, पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई घरात शिरली, आणि हा तिसरा प्रश्न गल्लीत मुक्कामाला आला. पाणी ओसरलं, प्रश्न राहिला.

तात्या म्हणजे सगळे करतात ते न करणारा माणूस. सगळ्यांनी बजाजसाठी नंबर लावले तेव्हा तात्यांनी विजय सुपर घेतली. सगळ्यांच्या परसात आंबा, पेरू, शेवगा. तात्यांच्या परसात सफरचंद. त्याला दरवर्षी उत्तम पानं येतात. दिवाळीत सगळ्यांच्या दारावर आकाशकंदील लागतो, तात्यांच्या दारावर ११ केव्हीच्या लाइनचा चिनीमातीचा इन्सुलेटर लागतो, आत बल्ब सोडून. चिनीमातीतून उजेड बाहेर पडत नाही, ही गोष्ट त्यांनी अजून मान्य केलेली नाही.

पण त्यांना हेकट म्हणणं अन्यायाचं होईल. हेकट माणूस न ऐकता नाही म्हणतो. तात्या आधी सगळं ऐकून घेतात, वाचून काढतात, वहीत आकृती काढतात, शंका विचारतात आणि मग नाही म्हणतात. एखादी गोष्ट नाकारायची ठरली की तिचा असा अभ्यास करतात की ती वापरणाऱ्यांनी येऊन शिकून जावं. मेपल या झाडाबद्दल तात्यांना जे ठाऊक आहे ते कॅनडातल्या सुताराला ठाऊक असेलच असं नाही. मेपलची एक ढलपीही त्यांच्या घरात नाही.

गिटार नातीची. इलेक्ट्रिक, सेकंडहँड, तिनं खाऊचे पैसे साठवून घेतलेली. पुराच्या धांदलीत माणसं, देव आणि गॅसची टाकी माडीवर गेली, गिटार पलंगाखाली राहिली. चिखल धुतल्यावर दिसलं की धड शाबूत आहे पण मान पिळली आहे. आतल्या वायरी वगैरे तात्यांनी एका दुपारी नव्या घातल्या. तो त्यांचा हातखंडा. दांडीचं मात्र काही होईना.

या जातीच्या गिटारची दांडी धडाला चार स्क्रूंनी बसवलेली असते. ही युक्ती रूढ केली ती कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी. १९५० च्या सुमाराला त्यांनी या गिटारी बाजारात आणल्या, त्या अशा की एक दांडी बिघडली तर काढून दुसरी लावावी. मूळचे ते रेडिओ दुरुस्त करणारे, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे शेवटचं वाचलं त्या संध्याकाळी तात्यांनी मला मुद्दाम बोलावून चहा पाजला. त्यांनाही गिटार वाजवता येत नाही. आतापर्यंत ते याला उणीव समजत होते.

"आजोबा, नेक ऑनलाइन मिळते," नात म्हणाली. "मेपलची. चार दिवसांत येईल."

"मेपलचीच का?"

"सगळे मेपलचीच लावतात."

पोरीनं हे एवढं वाक्य बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला अंगणात बसवून ताणाचं गणित समजावलं. आयुष्य तारा ओढण्यात गेलेला माणूस. गिटारला सहा तारा आहेत म्हटल्यावर त्यांना ते घरचंच काम वाटलं. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारांचा मिळून ताण पंचेचाळीस किलोच्या आसपास भरतो. मोठ्या पोटाच्या, लोखंडी तारांच्या गिटारला सत्तरच्या वर. "म्हणजे बघा," तात्या म्हणाले, "एक बारीकसा वायरमन त्या दांडीला चोवीस तास लोंबकळतोय. जेवायला नाही, झोपायला नाही, दिवाळीची सुट्टीही नाही. आणि दांडीनं केसभरही वाकायचं नाही."

तेव्हा दांडीचं लाकूड लांबीच्या दिशेनं ताठ हवं. पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून पिळणारं नको. वजनाला बेताचं हवं, नाहीतर गळ्यात अडकवली की गिटारचं डोकं जमिनीकडे जातं. शिवाय पटाशीला वश होणारं हवं, कारण पाठीमागची गोलाई हातानं काढायची असते. हे सगळे गुण मेपलमध्ये आहेत, महोगनीतही आहेत, हे तात्या मोकळेपणानं कबूल करत. त्यांचा आक्षेप नेमका तोच होता. "जे आधीच सिद्ध झालंय ते पुन्हा करून दाखवायला मी काय झेरॉक्सचं दुकान घातलंय?"

मग त्यांना ब्रायन मे सापडला. क्वीन या ब्रिटिश बँडचा हा गिटारवादक. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीनं त्यानं घरीच गिटार बांधायला घेतली. दांडीसाठी लाकूड कुठलं, तर एका जुन्या घराच्या शेकोटीवरची महोगनीची फळी, जवळजवळ शंभर वर्षांची, किड्यांनी भोकं पाडलेली. ती भोकं त्यानं आगकाड्या घालून बुजवली. पडद्यांमधल्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, सूर हलवायच्या दांड्याच्या टोकाला आईचीच विणायची सुई, आत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. हीच गिटार घेऊन तो पुढे जन्मभर जगभर वाजवत हिंडला. तात्यांनी ही कथा मला सांगितली, वाण्याला सांगितली, गॅसवाल्याला दारात उभं करून सांगितली. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला आहे, हे समजल्यावर तर कथेला स्थानिक रंगही चढला. "सातारा जिल्हा म्हणजे आपल्या शेजारचाच," तात्या म्हणत, आणि ब्रायन मे जणू इस्लामपूरच्या नात्यातला निघे.

अडचण एवढीच की सांगलीत शेकोटीवरची फळी कोणाकडे नसते. त्या तोडीचं काय, याचा शोध तात्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरापासून सुरू केला. फडताळाला बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला. पाट ठोकले. काकूंचं उखळातलं मुसळ उचलून, डोळ्यासमोर धरून त्याचा सरळपणा पाहिला आणि "खैर आहे, उत्तम आहे" असा शेरा दिला.

"ते माझ्या सासूबाईंचं आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो, मुरलेलं आहे."

"ते तिथं ठेवा. आणि देव्हाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही."

काकूंना आणखी एक सवय आहे. तात्यांचं बोलणं त्या शब्दशः घेतात. आंतोनियो दे टोरेस या स्पॅनिश कारागिरानं १८६२ मध्ये गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून दाखवल्या होत्या. आवाजात वरच्या फळीचा वाटा किती मोठा, हे त्याला सिद्ध करायचं होतं. तात्यांनी हे जेवताना सांगितलं. काकू उठल्या, माळ्यावरून मिक्सरचा खोका काढला आणि ताटाशेजारी ठेवला.

घर संपल्यावर गाव सुरू झालं. तात्या लोकांकडे जायचे ते लाकूड ठोकायला. सत्यनारायणाला गेले तर प्रसाद घेताना चौरंग ठोकून बघायचे. वाढदिवसाला गेले तर झोपाळा. एका घरी समाचाराला गेलो होतो. मंडळी खाली मान घालून बसलेली, आणि तात्या माझ्या कानात सांगतायत की तिरडीला बांबूच का लागतो, वजनाच्या मानानं त्याची ताठरता किती, आणि गिटारला तो पोकळ असल्यामुळे कसा अडचणीचा. सांगताना त्यांचा हात शेजारच्या खांबावर टकटक करत होता. यजमानांना वाटलं, तात्या अस्वस्थ झालेत. त्यांनी पाणी आणून दिलं.

पहिली खरी निवड बाभळीची झाली. तासगावकडच्या एका गावात तात्यांची थोडी भावकी आहे. तिथल्या गोठ्यात मोडक्या बैलगाडीचं जू पडलं होतं. बाभूळ म्हणजे आपल्याकडचं कष्टकरी लाकूड. नांगर तिचा, कुळव तिचा, गाडीच्या चाकाचा तुंबा तिचा. "बैलांनी ओढून मोडलं नाही ते सहा तारांनी काय मोडणार?" हा तात्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. जू एसटीच्या टपावरून आलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सुतारमामा बसतात. त्यांनी जू फिरवून पाहिलं, नखानं खरवडलं आणि विचारलं, "तात्या, ह्येचं करायचं काय?"

"गिटार."

मामांनी विडी पेटवली. "माझ्या रंध्याचं पातं तुमी भरून देनार?"

पातं दोनदा लावून घ्यावं लागलं, पण दांडीचा ओबड आकार निघाला. तात्यांनी ती धडाला लावून गिटार पट्ट्यानं गळ्यात अडकवली. हात सोडले तशी दांडी संथपणे खाली गेली आणि जमिनीला टेकली. मामा म्हणाले, "अजून औतच हाय त्ये." तात्या वजन कमी करायचे उपाय शोधू लागले, आणि त्या वाचनातच बाभळीचा खरा घात झाला. हवाई बेटांवरचं कोआ आणि ऑस्ट्रेलियातलं ब्लॅकवुड ही गिटारच्या धंद्यातली नावाजलेली लाकडं, आणि दोन्ही निघाली बाभळीच्या गोतातली. म्हणजे बाभूळ कोणीतरी आधीच, घराणं बदलून का होईना, वापरलेली. तात्यांनी ते जू दोरीनं बांधून जिन्याखाली ठेवलं. वजनाबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत.

यानंतरची लाकडं भराभर आली आणि गेली. फणस वीणेला लावतात, म्हणून बाद. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा नखानं दबतो, म्हणून बाद. शेजारच्या पोरानं क्रिकेटची बॅट दाराआड ठेवायला सुरुवात केली. विजय हजारे ज्या गावात जन्मले तिथे पोरावर ही वेळ यावी.

शिसवीचं प्रकरण जरा वेगळं झालं. गिटारच्या दांडीवर पडदे ठोकायची जी पातळ पट्टी असते ती जगभर बऱ्याचदा आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीची असते. २०११ मध्ये अमेरिकेत गिब्सन या कंपनीच्या कारखान्यांवर सरकारी धाड पडली होती. भारतातून गेलेल्या शिसवीच्या आणि आबनुसाच्या पट्ट्या इथल्या निर्यातीच्या नियमांत बसतात का, असा वाद होता. हे तात्यांनी कट्ट्यावर इतक्या रंगवून सांगितलं की दोन दिवसांनी भाजीवाल्या मावशींनी काकूंना विचारलं, "तात्यांवर धाड पडली म्हनं?" पुढे २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या गोतावळ्याला आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची सक्ती झाली, तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात कंपन्यांनी स्वस्त गिटारींसाठी दुसरं लाकूड धरलं, आणि ते निघालं आपलं ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं, सह्याद्रीतल्या घरांना तुळया पुरवणारं ऐन. तात्यांना आधी आनंद झाला, मग लगेच दुःख. वर्षभर आधी कळलं असतं तर ते पहिले ठरले असते.

शेवटी कोणीतरी सुचवलं की मिरजेला जा. सांगलीहून मिरज म्हणजे सिटी बसचा प्रवास, आणि वाद्यांच्या लाकडाबद्दल मिरजेला विचारायचं नाही तर कोणाला? एकोणिसाव्या शतकात इथल्या फरीदसाहेबांनी, मूळच्या हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातल्या माणसानं, तंबोरे आणि सतारी बांधायला घेतल्या. ते काम अजून चालू आहे, गल्लीला नावच सतारमेकरांचं आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तात्यांबरोबर मीही गेलो. दुकानात छताला भोपळे टांगलेले, जमिनीवर भुसा, आणि एक वृद्ध कारागीर मांडीवर तंबोऱ्याची दांडी घेऊन जवारीची पट्टी घासत बसलेले.

तात्यांनी वही उघडली. ६४८ मिलिमीटर लांबीची तार, तिला १७.८१७ नं भागलं की पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर, मग उरलेल्या लांबीला पुन्हा भागायचं, असं करत बावीस पडदे. सगळं दशांशासह लिहिलेलं. कारागिरांनी आकृती दोन्ही हातांत धरून बघितली.

"एवढीशी दांडी?"

"बेचाळीस मिलिमीटर रुंद."

"पडदे बांधायचे कशानं?"

"बांधायचे नाहीत. ठोकायचे. कायमचे."

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "मग राग बदलला की सरकवायचे कसे?"

"सरकवत नाहीत."

कारागिरांनी आमच्याकडे करुणेनं पाहिलं आणि चहा सांगितला. चहाबरोबर त्यांनी आतून एक फळी आणून तात्यांच्या मांडीवर ठेवली. लालसर, हलकी, उभ्या रेषांची. "तून," ते म्हणाले. "आमची सतार याचीच. हलकी, गप्प बसणारी, पटाशीला गोड. तुमच्या गिटारला हे चालेल. सळई तेवढी घाला."

तात्यांनी फळी ठोकली. खणखणीत वाजली. एका टोकाला डोळा लावून पाहिली, एकदम सरळ. घरी येऊन वाचलं तर आणखी आनंदाची बातमी. तून, महोगनी आणि स्पॅनिश गिटारच्या दांडीला लागणारं ते सिगारच्या पेट्यांचं अमेरिकी सीडार, ही तिन्ही झाडं एकाच मेलिएसी कुळातली. म्हणजे मिरजेच्या आणि स्पेनच्या कारागिरांनी एकमेकांचं तोंड न बघता एकाच घरातल्या मुली केल्या होत्या. मला वाटलं, संपलं एकदाचं. तात्या त्या रात्री अंगणात येरझाऱ्या घालत होते. मी गॅलरीतून विचारलं, "काय तात्या, ठरलं ना तून?"

ते थांबले. "तून उत्तम आहे हो. पण मिरजेत दीडशे वर्षं तूनच वापरतायत." मग अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मिरजेत तून म्हणजे मेपलच की!"

मी आत जाऊन झोपलो.

मात्र त्या कुळाच्या यादीत खाली चौथं नाव होतं, आणि ते तात्यांच्या डोक्यात राहिलं. कडुनिंब. तोही त्याच घरातला. सहसा त्याच्याकडे कोणी वाद्यासाठी बघत नाही. त्याचं काम गुढीला डहाळी देणं, दातवण देणं, आणि धान्याच्या कणगीत पाला होऊन पडणं. तात्यांना अजून एक दाखला मिळाला. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती निंबाच्या लाकडाच्या असतात आणि ठरावीक काळानं नव्या घडवतात. मागच्या खेपेला २०१५ साली घडवल्या. "देव निंबाचा चालतो," तात्या म्हणाले, "आणि गिटार नाही?"

वळवाच्या पावसात मोडलेली निंबाची एक जाड फांदी परसात पडून होती. सुतारमामांनी स्पष्ट सांगितलं की फांदीचं लाकूड घेऊ नका. आडवी वाढलेली फांदी स्वतःचं वजन पेलायला जन्मभर अंग आवळून धरते. तो ताण लाकडात मुरतो आणि करवत घातली की सुटतो. तात्यांना हे पुस्तकातूनही माहीत होतं. तरीही त्यांनी फांदी चिरायला लावली, कारण सगळे खोडाचं लाकूड घेतात. करवत अर्ध्यावर पोहोचेपर्यंत फळीनं दोन्ही बाजूंना तोंड फिरवलं होतं. मामा म्हणाले, "धनुष्य करा आता." काकूंनी तो तुकडा कपडे वाळत घालायच्या दोरीला मधे आधार म्हणून उभा केला. तिथे तो चांगला काम करतो आहे.

अखेर दांडी आली ती भावकीकडूनच. बाभळीचं जू दिलं त्याच घराची पडकी माडी उतरवत होते आणि तिच्या दाराची चौकट निंबाची होती. उंबरा सागाचा, तो द्यायला चुलतभावानं साफ नकार दिला, लक्ष्मीचा पाय लागतो तिथं. उजव्या बाजूची बाही मात्र दिली. तात्यांच्या आजोबांच्या काळापासून उभी असलेली, वाळायची तेवढी वाळून झालेली, रेषा टोकापासून टोकापर्यंत सुतासारख्या. मामांनी पहिल्यांदाच विडी न पेटवता लाकूड हातात घेतलं.

त्यांनी बाही उभी चिरून तीन पट्ट्या केल्या, मधली उलटी फिरवली आणि तिन्ही एकमेकींना चिकटवल्या. एक वाकायला निघाली तर दुसरीनं धरून ठेवावं म्हणून. भुशानं सगळ्यांची तोंडं कडू झाली. मामा दर तासाला गूळ मागायचे. पडदे ठोकायच्या पट्टीसाठी कठीण लाकूड लागतं, तेव्हा जिन्याखालच्या जुवाचा एक तुकडा निघाला. कोआचा विषय कोणी काढला नाही.

तात्यांना खंत राहिली ती एकाच गोष्टीची. निंबाला सहसा कीड लागत नाही, त्यामुळे ब्रायन मेच्या फळीसारखी भोकं त्यात नव्हती. शोधशोधून एका कडेला तोरणाच्या खिळ्याचं भोक सापडलं. ते त्यांनी आगकाडीनं बुजवलं आणि दोन दिवस प्रसन्न होते.

मोठं भांडण झालं ते सळईवरून. दांडीच्या पोटात, पट्टीच्या खाली, एक लोखंडी सळई घालतात. तारांनी दांडी पुढे ओढली की किल्लीनं सळई पिळून ती मागे आणता येते. तात्यांच्या मते ही लबाडी होती. सळईच काम करणार असेल तर लाकडानं एवढी वर्षं दारात उभं राहून काय मिळवलं? फेंडरच्या अगदी पहिल्या काही गिटारींत सळई नव्हती, हा दाखला त्यांनी दिला. नातीनं उलट दाखला दिला की त्याच वर्षी त्यांनी ती घालायला सुरुवात केली. मामांनी अंग काढून घेतलं. आठवडाभर काम बंद. मग एका संध्याकाळी नात सहज म्हणाली, "आजोबा, लाइन जिथं संपते तिथल्या पोलला तुम्ही स्टे लावायचात ना? जमिनीत गाडून?"

"लावावाच लागतो. नाहीतर पोल तारांकडे झुकतो."

"मग?"

तात्या बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सळई आली. वहीत त्यांनी तिची नोंद 'स्टे' अशी केली आहे.

गिटार जुळली. एक अख्खा पावसाळा दांडीनं काढला. तात्या रोज सकाळी सातला तिच्यावर लोखंडी पट्टी ठेवून मधली फट फीलर गेजनं मोजायचे आणि सबस्टेशनच्या लॉगशीटसारख्या रकान्यांत लिहायचे: तारीख, हवा, फट, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत एकच शब्द आहे, 'स्थिर'. नातीनं वाजवून पाहिली, वर-खाली बोटं फिरवली आणि म्हणाली, "मस्त आहे आजोबा. अगदी गिटारसारखी वाजते."

तात्यांचा चेहरा उतरला. एवढं करून गिटारसारखीच?

त्यांनी हे मान्य केलं नाही. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेला एक प्रयोग त्यांना ठाऊक होता. पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाखेरीज सगळं सारखं असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना वेल्डिंगचे चष्मे घालून, अंधुक उजेडात वाजवायला दिल्या. महागडं लाकूड कोणतं आणि साधं कोणतं, हे त्यांना धड सांगता आलं नाही. "ती पाठ होती," तात्या म्हणाले, "ही दांडी आहे." आणि आल्यागेल्याच्या डोळ्यांना मफलर बांधून परीक्षा सुरू झाली. मलाही बसवलं. नातीनं दोन गिटारी आळीपाळीनं वाजवल्या, एक मैत्रिणीची मेपलची आणि एक ही.

"फरक कळला?"

"कळला असं वाटतंय," मी शेजारधर्म पाळला.

"कडवटपणा आहे की नाही थोडा? खालच्या सुरांत?"

"आहे."

"प्रकृतीला चांगला असतो," तात्या म्हणाले आणि वहीत माझं नाव लिहिलं.

कॉलेजच्या गॅदरिंगला नात ती गिटार घेऊन उभी राहिली. छान वाजवलं पोरीनं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, मुलं तिचं नाव घेऊन ओरडली. दांडी कशाची आहे, हे मात्र एकानंही विचारलं नाही. तात्या पहिल्या रांगेत वाट बघत बसले होते. निवेदकानं पुढच्या नाचाची घोषणा करायला माईक उचलला तेव्हा ते पायऱ्या चढून वर गेले, माईक मागून घेतला आणि दोन मिनिटांत आटपतो म्हणून मेलिएसी कुळापासून सुरुवात केली. तूनपर्यंत पोहोचले असताना साउंडवाल्यानं बटण बंद केलं. तो आमच्याच गल्लीतला आहे.

सध्या तात्यांचं बेस गिटारकडे लक्ष गेलं आहे. तिच्या दांडीला चांगलं लांब लाकूड लागतं, तारा जाड, ताणही जास्त. काकूंनी मुसळ कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे. तेव्हा सांगली-मिरजेच्या बाजूला कोणाच्या घरी एक वयस्कर गृहस्थ येऊन चहा घेण्याआधी दाराची चौकट ठोकू लागले, तर घाबरू नका, ते निरुपद्रवी आहेत. मात्र तुमच्यापैकी कोणी याआधी कडुनिंबाच्या दांडीची गिटार केली असेल, तर अभिनंदन, आणि कृपा करून ही गोष्ट तात्यांना कळवू नका.